कुंपणाबाहेरची रानविद्या

कर्नाटकातल्या नागरहोळे राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात काडी ओढता येत नाही. कंद खणता येत नाहीत, मध काढता येत नाही, खाली पडलेलं वाळकं लाकूडही उचलता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात या सगळ्याला मनाई केली आहे. आज तिथे वाघ आणि हत्ती टिकून आहेत त्यात या मनाईचा मोठा वाटा आहे, हे मी आधीच मान्य करते. पण त्यामुळे रानात राहायची विद्या शिकवणारं शिबिर रानात भरूच शकत नाही. ते रानाला लागून असलेल्या कुणाच्या तरी शेतात भरतं.

म्हैसूरहून मानंदवाडीच्या रस्त्याने निघालं की पन्नासेक किलोमीटरवर हेग्गडदेवनकोटे लागतं. सगळे त्याला एच. डी. कोटे म्हणतात. तिथून आत वळल्यावर कापूस, आलं, तंबाखू अशी शेतं लागतात आणि शेवटच्या शेताच्या बांधावर सरकारी चर येतो. हत्ती अडवायला खणलेला हा चर माणूस उभा राहिला तर दिसणार नाही इतका खोल आहे. काही ठिकाणी चराऐवजी रेल्वेच्या जुन्या रुळांचं कुंपण घातलेलं आहे. पलीकडे साग, ऐन, धावडा आणि बांबूची बेटं. आमचं आठवडाभराचं शिबिर या चराच्या अलीकडे होतं. शिबिरार्थींत बंगळुरूच्या संगणक कंपन्यांतले काहीजण होते, कोल्हापूरच्या एक शाळाशिक्षिका होत्या, म्हैसूरचे दोन विद्यार्थी होते आणि बरीच वर्षं म्हैसूरला राहणारी मी होते.

जगभर याला बुशक्राफ्ट म्हणतात. आग पेटवणं, पाणी शोधून पिण्याजोगं करणं, दोर वळणं, निवारा बांधणं, माग काढणं, खायच्या वनस्पती ओळखणं, आणि हे सगळं कमीत कमी हत्यारांनिशी करणं. या विद्येचं आजचं रूप बरंचसं दुसऱ्या महायुद्धात घडलं. ऑस्ट्रेलियाच्या रिचर्ड ग्रेव्हज यांनी जंगलात अडकलेल्या वैमानिकांना वाचवणाऱ्या तुकडीचं नेतृत्व केलं आणि पुढे तो अनुभव पुस्तिकांत उतरवला. आपल्याकडे जिम कॉर्बेट १९४४मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना छिंदवाड्याला जंगलात वावरायचं शिक्षण देत होते. नंतर कॅनडात मॉर्स कोचान्स्की आणि इंग्लंडात रे मीअर्स यांनी ही विद्या सुट्टीत शिकायची गोष्ट केली. मीअर्स यांची शाळा १९८३पासून आहे. आमचे मुख्य शिक्षक याच परंपरेत युरोपात शिकून आलेले, हाताला पक्के आणि शिकवायला मनापासून तयार. शिबिराला आणायच्या सामानाची यादीही त्याच परंपरेतली होती: ठरावीक जाडीच्या पात्याचा सुरा, ठिणगी पाडायची धातूची कांडी, ताडपत्री, नायलॉनची दोरी.

या यादीपलीकडचं शिकवायला जवळच्या हाडीतून दोन माणसं येत होती. हाडी म्हणजे इथल्या आदिवासींची वस्ती. सत्तरीकडे झुकलेले एक अज्जा आणि त्यांच्याच वयाच्या एक अज्जी, दोघंही जेनु कुरुब. कन्नडमध्ये जेनु म्हणजे मध. कर्नाटकात केंद्र सरकारने 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' म्हणून नोंदलेल्या दोनच जमाती आहेत, कोरग आणि जेनु कुरुब. शिबिराच्या पत्रकात या दोघांचा उल्लेख 'स्थानिक मदतनीस' असा होता. तो मला तेव्हाही खटकला. आठवडा संपेपर्यंत माझी खात्री झाली की त्या शेतावरचे खरे शिक्षक हेच दोघं होते.

पहिला धडा दोराचा होता. अज्जांनी बांधावरच्या एका झुडपाच्या सरळ फांद्या कोयत्याने तिरप्या छाटून आणल्या. शेंगा पाहताच मी झुडूप ओळखलं. स्क्रूसारख्या पिळलेल्या त्या शेंगा मराठी घरात बाळगुटीच्या डब्यात असतात. मुरुडशेंग. झुडपाला आपल्याकडे केवण म्हणतात आणि केवणीच्या सालीचा वाख सह्याद्रीतही पूर्वी दोरासाठी काढत. बाळगुटीत शेंग उगाळणाऱ्या किती आयांना या झाडाची साल माहीत असेल, कुणास ठाऊक.

अज्जांनी फांदीच्या बुडाला नखाने साल सोडवली आणि एका ओढीत शेंड्यापर्यंत सोलून काढली. बाहेरची खरखरीत, करडी साल खरवडून टाकली. आतला वाख ओलसर, पिवळट पांढरा, फितीसारखा सुटा झाला. चांगल्या दोरासाठी हा वाख काही दिवस पाण्यात कुजवतात, म्हणजे त्यातला चिकट भाग निघून जातो. पण घाईच्या कामाला ओला वाखही चालतो. मग वळण. वाखाची फीत बरोबर मध्यावर दुमडायची नाही, एक पदर लांब आणि एक आखूड ठेवायचा, म्हणजे पुढे जोड द्यायची वेळ आली की दोन्ही जोड एका जागी येत नाहीत. वरचा पदर चिमटीत धरून स्वतःपासून दूर पिळायचा आणि तसाच पिळलेला ठेवून दुसऱ्या पदरावरून स्वतःकडे ओढायचा. आता दुसरा पदर वर येतो, त्यालाही तसंच. प्रत्येक पदराचा पीळ एका दिशेचा आणि दोघांचा मिळून उलट दिशेचा, त्यामुळे हात सोडला तरी दोर उलगडत नाही. बोटांना ही लय सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. अज्जा मात्र बोलता बोलता मांडीवर तळहाताने दोन्ही पदर एकदम घासून वळत होते, आणि नवा वाख कुठे जोडला ते पाहूनही कळत नव्हतं.

केवण, धामण आणि वारंग या झाडांची साल हत्तींनाही आवडते. इथून दक्षिणेला, तमिळनाडूच्या हद्दीतल्या मदुमलाईत भारतीय विज्ञान संस्थेने १९८८पासून पन्नास हेक्टरांच्या एका तुकड्यातल्या प्रत्येक झाडाची नोंद ठेवली आहे. त्या नोंदींवरून दिसलं की एके काळी मुबलक असलेली वारंगीची झाडं हत्तींच्या खाण्याने झपाट्याने घटली. ही गोष्ट मी अज्जांना सांगितली. त्यांनी मान हलवली आणि चरापलीकडची सोललेली खोडं बोटाने दाखवली. साल सोलायची तर फांदीची घ्यायची, खोडाला हात लावायचा नाही, आणि हत्ती येऊन गेलेल्या झाडाकडे त्या वर्षी जायचं नाही, असा त्यांचा नियम.

तोच दोर दुसऱ्या दिवशी कामाला आला. रात्री चराच्या कडेला हत्ती फिरून गेला होता आणि शेताच्या ओल्या मातीत पुढच्या पायाचा स्वच्छ ठसा होता. अज्जांनी दोर ठशाच्या कडेने गोल फिरवून मोजला, दुप्पट केला आणि हवेत उभा धरला. हत्तीच्या पुढच्या पायाच्या घेराच्या दुप्पट त्याची खांद्याशी उंची असते. मी टाचा उंचावून हात वर केला, तरी दोराच्या टोकापर्यंत जेमतेम पोहोचला. हा ठोकताळा जॉर्ज सँडर्सनच्या १८७८च्या पुस्तकातही आहे. हुणसूर आणि चामराजनगरच्या बाजूला राहून म्हैसूर सरकारसाठी हत्ती पकडणारा हा इंग्रज अधिकारी. १८७४मध्ये त्याने इथे खेड्डा यशस्वी केला, म्हणजे कळपच्या कळप कुंपणात हाकून पकडायची पद्धत. त्याच्या पुस्तकात माग काढणारे कुरुब आणि सोलिग आदिवासी पानोपानी भेटतात. पुढे काकनकोटेचा खेड्डा जगभरच्या पाहुण्यांना दाखवायचा सोहळा झाला आणि १९७१पर्यंत चालला. त्यानंतर थोड्याच वर्षांत कबिनीचं धरण पुरं झालं आणि काकनकोटेच्या रानाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आज पर्यटक कबिनीच्या ज्या काठावर जीपमधून हत्तींचे कळप पाहतात, तिथल्या पाण्याच्या तळाशी माणसांच्या जुन्या वस्त्याही आहेत.

आग पेटवायच्या धड्याला सगळ्यात जास्त उत्साह होता. कमानीच्या दोरीचा वेढा एका काठीला द्यायचा, काठीचं खालचं टोक मऊ लाकडाच्या फळीतल्या खाचेत टेकवायचं, वरून दगडाने दाबायचं आणि कमान मागे-पुढे ओढायची. फळी नखाने दाबली तर खूण उमटेल इतकी मऊ आणि पूर्ण वाळलेली हवी. घर्षणाने खाचेत काळा भुगा साठतो, तो पुरेसा तापला की आतून धुमसू लागतो. त्या निखाऱ्याला वाळक्या वाखाच्या घरट्यात घेऊन फुंकायचं. शिबिर अर्धं सरलं तेव्हा कुठे आमच्यातल्या एकीच्या फळीतला धूर थांबायचं नाव घेईना, आणि घरट्यातून ज्योत वर आली तेव्हा सगळे आनंदाने ओरडले. महाराष्ट्रात अग्निहोत्री अजून अरणी घासून अग्नी काढतात, तीही हीच क्रिया, फक्त तिथे मंथा, म्हणजे उभी काठी, फिरवायला दोरी हाताने ओढतात. आपल्या धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या कमरेला दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत चकमक, गारगोटी आणि जळक्या कापसाची नळी असायची. विदेशी कांडीने ठिणगी पाडायला मी आनंदाने शिकले, पण दख्खनच्या पठारावर गारगोटीचा तुटवडा नाही हेही त्या शिबिरात कुणीतरी सांगायला हवं होतं. सुऱ्याचंही तसंच. अज्जांचा कोयता फांदी छाटत होता, बांबू फोडत होता, कंदाभोवतीची माती उकरत होता. कोकणातला गडी कोयता कमरेच्या आकडीला अडकवून दिवसभर हिंडतो. आपल्या रानाला हत्याराचा हा आकार शतकानुशतकं पुरला आहे.

अज्जींचा दिवस कंदांचा. हातात टोकदार काठी आणि पाठीवर पोतं. त्या मला मगळे म्हणजे मुली म्हणायच्या. चराच्या अलीकडच्या पडीक तुकड्यात वेलाचा वाळका शेंडा त्यांना लांबूनच दिसला. तो धरून त्या मुळापर्यंत आल्या आणि काठीने एका बाजूने माती ढिली करत खाली गेल्या. जमिनीत सरळ खाली गेलेला तो कंद बाहेर काढायला बराच वेळ लागला. काढल्यावर त्यांनी वरचा, वेलाला चिकटलेला तुकडा कापून परत खड्ड्यात ठेवला आणि माती लोटली. पुढच्या पावसाळ्यात त्याला पुन्हा वेल फुटतो. हे न करणाऱ्या माणसाला त्यांच्या हाडीत बोलणी खावी लागतात.

कंदांच्या बाबतीत मी शिबिरार्थींना ताकीद दिल्याशिवाय राहणार नाही: पुस्तक बघून कंद खाऊ नयेत. आपल्याकडच्या कडू करांद्यासारखे कित्येक रानकंद कच्चे विषारी असतात. पातळ चकत्या करायच्या, राखेत चोळायच्या, वाहत्या पाण्यात ठेवायच्या, मग उकडायच्या, असा दोन-तीन दिवसांचा सोपस्कार त्यांना लागतो. तीच गोष्ट निवळीची. निवळीचं बी मडक्याच्या आतल्या बाजूला घासलं की गढूळ पाण्यातला गाळ तळाला बसतो, हे आपल्याकडे जुन्या वैद्यांना माहीत होतं आणि अज्जींनी आम्हाला करूनही दाखवलं. पण त्याच जातकुळीचा काजरा त्याच रानात वाढतो आणि त्याचं बी जिवावर बेततं. निवळीने पाणी स्वच्छ दिसतं, जंतू मरत नाहीत, म्हणून ते उकळावं लागतंच. ऐनाच्या खोडावर कधीकधी फुगवटा असतो आणि त्याला छेद दिला की पाणी येतं, हे खरं आहे. अज्जा मात्र ते करून दाखवायला तयार झाले नाहीत. ज्याला खरंच तहान लागली आहे त्याच्यासाठी ते पाणी आहे, एवढंच म्हणाले.

म्हैसूर शहरात या कंदांना अलीकडे मान मिळू लागला आहे. बियाण्यांवर काम करणाऱ्या संस्था तिथे कंदमुळांचे मेळे भरवतात आणि जोयड्याच्या कुणब्यांपासून एच. डी. कोटेच्या आदिवासींपर्यंत लोक टोपल्या घेऊन येतात. त्याच शहरात १९६१मध्ये संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. सियाचेनपासून पाणबुडीपर्यंत जवानांना महिनोन्‌महिने टिकणारं जेवण तिने तयार करून दिलं. पाकिटबंद पुलाव, न बिघडणारी चपाती, संकटात सापडलेल्या वैमानिकासाठी मूठभर वजनात दिवसभराची ताकद देणाऱ्या वड्या. त्या प्रयोगशाळेचं काम मला मोलाचं वाटतं. म्हणूनच असं वाटतं की माणूस रानात काय खाऊन तगतो, या प्रश्नाचं निम्मं उत्तर जिच्या पोत्यात आहे त्या अज्जींनाही त्याच शहरात तज्ज्ञ म्हणून बोलावलं जावं.

निवाऱ्याच्या धड्यात युरोपातून आलेली रीत आणि इथलं रान यांचा मेळ बसेना. तिकडे पालापाचोळ्याचा जाड थर अंथरून, वर पाचोळाच रचून ऊब धरतात. इथे पाचोळ्यात गोचीड असते. १९५७मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली, आणि गोचिडीतून पसरणारा एक नवा विषाणू सापडला. २०१२च्या सुमारास तो बंडीपूरला पोहोचला. २०१६मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गला काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याने गाठलं. तिथे त्याला माकडताप म्हणतात. नोव्हेंबरपासून पावसाळ्यापर्यंत दक्षिणेच्या रानात पाचोळ्यावर झोपायला शिकवणं हा धोका आहे, आणि शिबिर कितीही नावाजलेलं असलं तरी हे विचारूनच नाव नोंदवावं. आमच्या शिक्षकांनी ऐकून घेतलं आणि बेत बदलला. आम्ही जमिनीपासून वर, बांबूच्या माळ्यावर झोपलो. शेतकरी राखणीला बसतात तसा तो माळा होता. हत्तीची वाट कुठून आहे हे पाहून जागा अज्जांनी ठरवली.

त्या माळ्यावरच्या रात्री मला सगळ्यात जास्त शिकवून गेल्या. चितळाची शीळ, सांबराचा एकच जड पोंक, वानराचा खोकल्यासारखा आवाज, या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. चितळ उगाचही बिचकतं. सांबर पुन्हापुन्हा ओरडू लागलं तर वाघ किंवा बिबट्या बहुतेक चालतो आहे. वाघ कुठून कुठे निघाला ते आवाज कोणत्या क्रमाने उठले त्यावरून अज्जा सांगत. नागरहोळेतच उल्हास कारंत यांनी १९८६पासून वाघांवर काम केलं आणि कॅमेऱ्याने वाघ मोजायची जी पद्धत पुढे देशभर रूढ झाली ती इथे घडत गेली. त्या शास्त्राबद्दल मला आदर आहे. शिकार रोखणाऱ्या छावण्यांमध्ये पायी गस्त घालणारे पहारेकरी मात्र आजही बहुतांशी याच हाड्यांमधले असतात, आणि त्यातले पुष्कळ रोजंदारीवर. मराठी वाचकाला ही माणसं परकी नाहीत. मारुती चितमपल्ली कोइमतूरला वनाधिकाऱ्याचं शिक्षण घेऊन आले, पण पक्षिकोश, प्राणिकोश, वृक्षकोश रचताना त्यांनी शब्द गोळा केले ते नवेगाव-नागझिरा-मेळघाटातल्या आदिवासींकडून, ढिवरांकडून. कृष्णमेघ कुंटे यांच्या 'एका रानवेड्याची शोधयात्रा'ने तर माझ्या पिढीला थेट मदुमलाईच्या रानात नेऊन सोडलं.

चरापलीकडे अज्जांचं जुनं गाव आहे. नागरहोळे १९५५मध्ये अभयारण्य झालं, १९८८मध्ये राष्ट्रीय उद्यान, १९९९मध्ये व्याघ्रप्रकल्पात आलं, आणि या साऱ्या काळात माणसं बाहेर येत राहिली. काही दबावाने, काही आश्वासनांवर, काही हत्ती लावून झोपड्या मोडल्यामुळे. उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१४मध्ये अहवाल दिला आणि विस्थापित कुटुंबांचा आकडा ३,४१८ सांगितला. तिचे प्रमुख होते म्हैसूर विद्यापीठाचे प्राध्यापक मुझफ्फर असादी. बाहेर आलेले पुष्कळजण कोडगूच्या कॉफीमळ्यांत मजुरीला गेले. ज्यांच्याकडे हत्तीची विद्या होती ते सरकारी छावण्यांत माहूत आणि कावाडी, म्हणजे माहुताचे मदतनीस, झाले. दसऱ्याआधी वीरनहोसहळ्ळीहून गजपयण निघतं, हत्ती म्हैसूरच्या राजवाड्यात येतात आणि माहुतांची कुटुंबं दीड-दोन महिने राजवाड्याच्या आवारात तात्पुरत्या निवाऱ्यांत राहतात. साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी पाठीवर घेऊन हत्ती चालतो तेव्हा त्याच्याशी बोलणारा माणूस रानातला असतो. लाखो लोक हत्ती बघतात. त्याच्या कानामागे बसलेला माणूस कोणत्या हाडीचा, हे विचारणारे फार थोडे.

शेवटचे दोन दिवस आम्ही घाणेरी उपटली. टणटणीही म्हणतात तिला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून भारतात आणलेल्या या परदेशी झाडाने आज देशातल्या वाघांच्या अधिवासाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग व्यापला आहे, असं २०२०मधला एक अभ्यास सांगतो. तिच्याखाली गवत उगवत नाही, कंदाचे वेल वर येत नाहीत, आणि चारा सरला की चितळ-हत्ती शेताकडे वळतात. अज्जींच्या मते रानात आग लावणं थांबलं तेव्हापासून ही माजली. अशीच गोष्ट पूर्वेला बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिग सांगतात. ते हिवाळा सरता सरता, पाचोळा पुरता वाळायच्या आत, जमिनीलगतची हलकी आग लावत. तिला ते तरगु बेंकी म्हणतात. त्या आगीने पाचोळा जळे, गवताला कोंब फुटत, घाणेरीची रोपं आणि आवळ्यावरचं बांडगूळ आटोक्यात राहत असे. वनखात्याने आग हा गुन्हा ठरवला, पाचोळा वर्षानुवर्षं साठला, आणि आता उन्हाळ्यात लागणारा वणवा झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढतो. बंगळुरूच्या 'एट्री' या संस्थेच्या संशोधकांनी सोलिगांबरोबर अनेक वर्षं काम करून हे म्हणणं तपासलं आहे. प्रत्येक रानात आग लावावी असं त्यातून निघत नाही. पण हे ज्ञान प्रयोगात घ्यायला हवं हे निश्चित निघतं, आणि त्यावर चर्चा करायलाच खातं इतकी वर्षं तयार नव्हतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. उपटलेली घाणेरी वाया गेली नाही. तिच्या उकडलेल्या काड्यांपासून सोलिग खुर्च्या-टोपल्या करतात. नीलगिरीच्या बाजूच्या बेट्टकुरुंब, पणिय, काट्टुनायकन आणि सोलिग कारागिरांनी तिचे पुऱ्या मापाचे शंभर हत्ती केले आणि २०२४मध्ये ते अमेरिकेत गावोगाव मांडले गेले.

बिळिगिरीरंगनची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. २०११च्या जानेवारीत ते जंगल व्याघ्रप्रकल्प झालं आणि त्याच वर्षी तिथल्या सोलिग ग्रामसभांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्रप्रकल्पात असे हक्क मिळण्याची देशातली ती पहिलीच वेळ. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले होते, त्याच्या पाठोपाठ हे घडलं. नागरहोळेत मात्र दावे वर्षानुवर्षं पडून राहिले. ५ मे २०२५ रोजी पन्नासेक जेनु कुरुब कुटुंबं करडिकल्लू अत्तूरकोल्ली या आपल्या जुन्या हाडीच्या जागेवर परत गेली आणि त्यांनी तिथे झोपड्या उभ्या केल्या. वनखातं, पोलीस आणि ती कुटुंबं यांच्यातला वाद त्यानंतर सुरूच राहिला.

समारोपाला आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली. त्यांवर युरोपात शिकलेल्या शिक्षकांची सही होती. अज्जा-अज्जींना दिवसाचा मेहनताना मिळाला आणि एक-एक चादर. मी आयोजकांशी याबद्दल बोलले. पुढच्या वेळी त्यांचीही नावं शिक्षक म्हणून घालू, असं त्यांनी मान्य केलं, आणि ते तसं करतील असं मला वाटतं.

पण मला याहून मोठी गोष्ट हवी आहे, आणि ती कायद्यात आधीच लिहिलेली आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट)मध्ये, इंग्रजी मसुद्यातल्या 'के' या पोटकलमात, जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. हा हक्क एकदा हाडीच्या ग्रामसभेच्या हातात आला की रानविद्येचं शिबिर ग्रामसभा स्वतः भरवू शकते. किती माणसं घ्यायची, कोणत्या महिन्यात घ्यायची, गोचिडीच्या दिवसांत बंद ठेवायचं का, कंद कोणते दाखवायचे आणि कोणते गावापुरते ठेवायचे, फी किती आणि ती कुणाला, हे सगळं ग्रामसभा ठरवेल. वनखात्याचे लोक तिथे गस्तीचं काम शिकायला येतील, म्हैसूरच्या प्रयोगशाळेतले लोक कंदांची नोंद करायला येतील. आमचे युरोपात शिकलेले शिक्षकही येतील. मी त्यांना विचारलं, तेव्हा शिकाऊ म्हणून यायला त्यांनी लगेच होकार दिला. मेंढा (लेखा)च्या ग्रामसभेने अभ्यासगट चालवून दाखवले आहेत, त्यामुळे हे होणार नाही असं म्हणायला जागा नाही.  नागरहोळेच्या कडेच्या ग्रामसभांचे दावे मान्य झाले की पहिल्या शिबिराला मी नाव नोंदवणार आहे, आणि कोल्हापूरच्या बाईंनी आपल्या शाळेतली दहावीची मुलं आणायचं कबूल केलं आहे.